चार फूट साडेसात इंच

माझी उंची चार फूट साडेसात इंच आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोक ती आधी बघतात आणि मग माझ्याशी कसं बोलायचं ते ठरवतात. बसमध्ये कंडक्टर पाठीमागून म्हणतो, "ए पोरी, सरक पुढे." मी वळते, त्याला माझे पिकलेले केस दिसतात आणि तो ओशाळतो. मला 'पोरी' म्हटल्यापेक्षा त्या ओशाळण्याचा राग जास्त येतो.

आमच्या ऑफिसात येणाऱ्या प्राध्यापक मॅडमनी मात्र पहिल्याच दिवशी सरळ विचारलं, "ताई, तुमची उंची किती?"

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात जुने कागद स्कॅन करायचं काम चालतं. मी तिथे तीन वर्षांपूर्वी लागले. त्याआधी बावीस वर्षं एका वकिलाकडे टायपिंग केलं. ते वारले आणि ऑफिस बंद पडलं. माझ्याजवळ एकच गुण होता, जुनं वळणदार अक्षर मला सहज वाचता येतं, मराठी आणि इंग्रजीही. स्कॅन मशीन काढतं, पण अक्षर लावायला माणूस लागतो. म्हणून त्या वयातही मला घेतलं.

त्या वर्षी आमच्याकडे एका बंद पडलेल्या गिरणीची भरतीची रजिस्टरं आली. जाडजूड, वाळवीनं कडा खाल्लेली. एका पानावर वीस माणसं. नाव, बापाचं नाव, गाव, अंदाजे वय, उंची, छाती, अंगावरची खूण. 'डाव्या भुवईवर व्रण.' 'उजव्या हाताचे बोट अर्धे.' मॅडमना संशोधनासाठी यातलं गाव, वय आणि उंची हवी होती. त्या दर शुक्रवारी यायच्या. तिशी-पस्तिशीच्या, चांगल्या उंच, आणि माझ्याशी बोलताना किंचित वाकायच्या. लहान मुलांशी बोलताना वाकतात तसं. मुद्दाम नाही करायच्या, पण मला त्या वाकण्यानंच पहिल्या दिवसापासून त्या नकोशा झाल्या.

"माझी उंची कशाला हवी?" मी म्हटलं. "मलाही रजिस्टरात चढवणार का?"

"नाही हो, मी सगळ्यांनाच विचारते. सवयच लागलीय." त्या हसल्या. "जन्म कुठल्या सालचा तुमचा? गाव?"

"गाव बीडकडचं. जन्म बहात्तरच्या आदल्या साली."

हे ऐकून त्यांचा चेहरा बदलला. वाईट वाटलं म्हणून नव्हे. हवी ती वस्तू बाजारात अचानक दिसावी तसा.

"म्हणजे दुष्काळात तुम्ही एक-दीड वर्षाच्या," त्या म्हणाल्या.

मी मशीनचं झाकण जरा जोरात आपटलं.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला बसवून समजावून सांगितलं. गरिबांनी स्वतःबद्दल काही लिहून ठेवलं नाही. काय खाल्लं, किती वेळा उपाशी राहिले, कशानं आजारी पडले, हे कुणी टिपलं नाही. पण कामावर घेताना त्यांची उंची टिपली. एकट्या माणसाच्या उंचीवरून काही कळत नाही, तो आईवर जातो नाहीतर बापावर. पण हजारो माणसांची सरासरी काढली की आईबापाचा भाग एकमेकांत मिटून जातो, आणि मागे राहतं ते लहानपणी पोटात काय गेलं, किती ताप-जुलाब काढले, किती लवकर कामाला जुंपलं. "पहिली दोन-तीन वर्षं सगळ्यात महत्त्वाची," त्या म्हणाल्या. "तेव्हा जे बुडालं ते नंतर पुरतं भरून निघत नाही."

माझ्या मनात आलं, हिला कधी भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवून खावा लागला नाही, म्हणून हिला यात एवढा रस.

पण काम करता करता मीच ते बघायला लागले. रोज शे-दोनशे माणसं डोळ्यांखालून जायची. एक कारकून आळशी होता, त्यानं पानंच्या पानं सगळ्यांना पाच फूट चार लिहून टाकलेलं. मी ते मॅडमना दाखवलं. त्यांनी ती पानं बाजूला काढायला सांगितली आणि म्हणाल्या, "बरं झालं पकडलंत." दुसरा एक कारकून मात्र पाव इंचसुद्धा सोडत नव्हता. त्याच्या पानांवर माझा विश्वास बसला. त्या पानांवर मला एक गोष्ट दिसायला लागली. ज्या सालात एखाद्या मुलखात पाऊस गेला, त्या सालात तिथे जन्मलेली पोरं वीस वर्षांनी गिरणीच्या दारात आली तेव्हा आगेमागे जन्मलेल्यांपेक्षा बुटकी होती. एक नव्हे, ओळीनं. गावं वेगळी, आडनावं वेगळी, जाती वेगळ्या.

आणि एक माणूस असा होता की तो दोनदा मोजला गेला. अठरा वर्षांचा असताना लागला, मध्ये सुटला आणि तेविसाव्या वर्षी पुन्हा लागला. पहिल्यांदा पाच फूट एक. दुसऱ्यांदा पाच फूट अडीच. मी ती दोन्ही पानं शेजारी ठेवली. खूण तीच, गाव तेच, बाप तोच. मला वाटलं कारकून चुकला.

"चूक नाही," मॅडम म्हणाल्या. "लहानपणी पोट मारलेली मुलं उशिरापर्यंत वाढतात. मुंबईत येऊन पोटभर जेवायला मिळालं असेल. थोडं तरी वाढला बिचारा."

मी जागेवर येऊन बसले, पण अक्षर लागेना. इतकी वर्षं मला घरात एकच सांगितलेलं होतं, आपल्या घरच्या बायका बुटक्याच. रक्तच तसं. आईही तशीच, आजीही तशीच. मी ते मान्य करून टाकलं होतं. रक्तातलं असलं की माणूस सोसतो, काळा रंग किंवा नकटं नाक सोसतो तसं. पण कुणीतरी केलेलं असलं तर ते कसं सोसायचं?

मग मी मॅडमना विचारलं, "यात बायका कुठायत? गिरणीत बायका कामाला असायच्या की."

"होत्या. पण इथे त्यांची उंची लिहिलेली नाही. जुन्या काळात मोजले ते शिपाई, कैदी, कामगार. बहुतेक पुरुषच. बायकांचं फार कमी सापडतं."

"म्हणजे तुमची सरासरी अर्धीच."

"हो," त्या म्हणाल्या आणि माझं वाक्य वहीत लिहून घेतलं. तेही मला आवडलं नाही. माझं भांडणसुद्धा यांच्या उपयोगाचं.

आता दुधाचं सांगते.

दुष्काळ सरल्यावर वडील आम्हाला घेऊन घाटकोपरला आले, डोंगरावरच्या वस्तीत. वडील गोदामात हमाली करायचे. मी सहा वर्षांची असताना भाऊ झाला आणि त्याच्या मागे दोन वर्षांनी धाकटी बहीण. भावाला अंगावरचं सुटल्यावर घरात रोज पावशेर म्हशीचं दूध यायला लागलं. ते तापवायचं काम माझ्याकडे होतं. मी दूध तापवायचे, निववायचे, स्टीलच्या पेल्यात ओतायचे आणि भावापुढे नेऊन ठेवायचे. आम्हा दोघी बहिणींना पातेल्याला चिकटलेली साय खरवडायला मिळायची, तीही आई बघत नसली तर. अंडं आणलं तर एक. मटणात नळी त्याची. हे काही लपूनछपून चालायचं नाही. सगळ्या वस्तीत तसंच होतं, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटायचंच नाही.

मी बारा वर्षांची असताना एकदा अर्धा पेला पिऊन टाकला आणि वर पाणी घातलं. भाऊ तेव्हा सहा वर्षांचा. एक घोट घेऊन ओरडला, "आई, पाणी लागतंय!" आईनं चव घेतली आणि उलथन्यानं माझ्या पोटऱ्या फोडल्या. भाऊ उरलेलं दूध पीत उभा राहिला, आणि मग मला पांढरी जीभ काढून दाखवली. आठवडाभर मी मांडी घालून बसू शकले नाही.

भाऊ पाच फूट नऊ झाला. वडील पाच-दोन होते. झोपडीच्या दारातून यायला भावाला मान वाकवावी लागायची, आणि वडील आल्या-गेल्याला सांगायचे, "आमचा पोरगा दारातून वाकून येतो." दार उंच करून घ्यायला त्यांनी बरीच वर्षं मुद्दाम उशीर केला असं मला अजून वाटतं.

मला पोलिसात जायचं होतं. पळण्यात मी शाळेत पहिली यायचे. भरतीला मैदानात गेले तेव्हा आधी उंची. माप घेणाऱ्या बाईंनी पट्टी माझ्या डोक्यावर टेकवली आणि आकडासुद्धा लिहिला नाही. "घरी जा बाळ," म्हणाल्या. मी एकवीस वर्षांची होते. पाच वर्षांनी भाऊ त्याच कामाला गेला आणि पहिल्या फटक्यात लागला. वस्तीत पेढे वाटले. पेढे वाटायला मीच फिरले, आणि तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, हेही सांगायला हवं.

रजिस्टरांचं काम निम्म्यावर आलं तेव्हा, एका रविवारी सकाळी मी मुलुंडला भावाकडे गेले. आई त्याच्याकडेच असते. ऐंशी वर्षांची, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. भावाचं घर अकराव्या मजल्यावर. तो आता पोलिसात साहेब आहे, छोटा साहेब. बोलताना समोरच्याच्या अगदी जवळ येऊन उभा राहतो, म्हणजे समोरच्याला मान वर करावी लागते. मी त्याची मोठी बहीण, तरी मलाही.

मी भांडायला गेले नव्हते असं म्हणणार नाही. भांडायलाच गेले होते.

वहिनीनं पोहे दिले. मी बशी बाजूला ठेवली आणि आईला विचारलं, "आई, दुष्काळात मी किती महिन्यांची होते?"

"वरसाची आसशील. का गं?"

"काय खायला घालायचीस मला?"

"तवा काय व्हतं खायाला? म्या खडी फोडायला जायाची. तिथं सरकारी सुकडी मिळायची, गोड पिठाची, ती भिजवून तुझ्या तोंडात घालायची. मिलोची, त्या अमेरिकेच्या लाल जवारीची भाकर तुला पचंना, सारखी ढाळायचीस. माह्या अंगावर दूध न्हवतं." आई सहज सांगत होती. "वाचलीस त्येच लई झालं. शेजारणीची दोन गेली."

भाऊ पेपर वाचत होता. पेपराच्या वरून म्हणाला, "काय सकाळी सकाळी दुष्काळ काढलाय ताई?"

मी त्याला गिरणीच्या रजिस्टरांचं सांगितलं. उंचीवरून माणसाचं खाणं कसं कळतं ते सांगितलं. तो ऐकत होता तोवर ठीक होतं.

"म्हणजे तू दुष्काळामुळे राहिलीस," तो म्हणाला. "मी मुंबईत जन्मलो, म्हणून वाढलो. सिम्पल आहे. देवाचे आभार मान, मॅडमनी फुकटात सांगितलं."

"मी दुष्काळामुळे राहिले. धाकटी कशामुळे राहिली?"

त्यानं पेपर खाली घेतला.

"धाकटी कुठल्या दुष्काळातली रे? तुझ्यामागे दोन वर्षांनी, तुझ्याच घरात, तुझ्याच नळाचं पाणी पिऊन. मिलो तिनं डोळ्यांनी पाहिला नाही. ती चार फूट दहा का? सांग ना. तू साहेब आहेस, तपास कर."

"ती आईवर गेली."

"आणि तू कोणावर गेलास? बाप पाच-दोन, आई चार-सहा. एवढा लांबडा कोणाचा तू?"

"ए ताई, तोंड सांभाळ!"

"तू माझ्या वाट्याच्या दुधाचा आहेस. माझ्या आणि धाकटीच्या."

तो उठला आणि नेहमीसारखा माझ्या अंगावर येऊन उभा राहिला. माझं नाक त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लागत होतं. मीही उठले होते, पण माझ्या उठण्यानं तिथे काय फरक पडणार?

"मी तेव्हा किती वर्षांचा होतो?" तो ओरडला. "दोन? तीन? मी सांगितलं का मलाच द्या म्हणून? आज एवढ्या वर्षांनी माझ्या घरात येऊन दूध काढतेस? तुझा नवरा गेला तेव्हा हॉस्पिटलात कोण धावलं? पोराचं अ‍ॅडमिशन कोणी केलं? ते नाही लिहिलं का कुठल्या रजिस्टरात?"

"दोन वर्षांचा होतास, तसा दहा वर्षांचाही होतास. बारा वर्षांचाही होतास. तेव्हा कळत होतं तुला. जीभ दाखवायचास मला."

"कधी?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, तो खोटं बोलत नव्हता. माझ्या पोटऱ्यांवर अजून दोन पांढरे वण आहेत, आणि या माणसाच्या आयुष्यात ती सकाळ घडलीच नव्हती. तो कबूल करून वर हसला असता तर मला इतका संताप आला नसता.

मी आईकडे वळले. "तू सांग. दिलंस ना त्यालाच?"

आई पोह्यातली मिरची वेचून बाजूला काढत होती. मला वाटलं रडेल. निदान परिस्थितीचं गाऱ्हाणं तरी सांगेल. ती म्हणाली, "व्हय, दिलं त्याला. काय करतीस? पावशेर दूध व्हतं, तिघांत वाटलं आसतं तर तिघंबी खुजी ऱ्हायली आसती. येक तरी हाडापेरानं उभा केला. त्याच्या जिवावर तुमी सगळी डोंगरावरून खाली उतरली."

"आणि मला मारलंस ते?"

"चोरी केलीस, मारलं."

"माझं दूध मी प्यायले, ती चोरी?"

"माह्या वाट्याचं माह्या भावानं पेलं," आई म्हणाली. "जा, त्याला इचार. जाळून बारा वर्सं झाली त्याला."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती भावाकडे बघत राहिली. भावानं तिला पाणी आणायला सांगितलं. ती हलली नाही. तेवढ्यावरून तो जास्तच भडकला आणि मला म्हणाला, "निघ तू. आईला भेटायचं असेल तर मी ड्यूटीवर असताना येत जा."

मी चप्पल घातली. मागून आई ओरडली, "पोहे तरी खाऊन जा!" आणि एवढं सगळं झाल्यावरही तिचा तो आवाज मी भुकेली जाईन म्हणून काळजीचा होता. मी पोहे खाल्ले नाहीत.

संध्याकाळी घरी मुलीला सगळं सांगितलं. माझी मुलगी अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, चोवीस वर्षांची. मुलगा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, नोकरीसाठी पुण्यात असतो. मला वाटलं, मुलगी माझ्या बाजूनं पेटून उठेल. ती मोबाइल बघत ऐकत होती. मी 'नळी कायम त्याचीच' म्हटलं तेव्हा तिनं मोबाइल खाली ठेवला.

"आई, आपल्याकडे सुरमई आणली की मधली तुकडी कोणाची असते गं?"

"कोणाची म्हणजे?"

"सांग ना. शेपटीकडची मला, मधली दादाला. दादा पुण्याहून येतो तेव्हा तू अजूनपण तसंच वाढतेस. मला कधी कमी नाही पडलं, दूधपण प्यायले, अंडीपण खाल्ली. पण आधी तो, मग मी. आमलेट दोन अंड्यांचं त्याला, एका अंड्याचं मला."

"तो खायचाच तेवढं! मुलगे जास्त खातात."

"मामाबद्दल आजीपण हेच म्हणाली असेल."

मी तिच्यावर ओरडले. काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही. तुला शिकवलं, लॅबचा कोर्स करवला, पाच फूट तीन आहेस तू, माझ्यापेक्षा वरचढ, तुला बोलायला लाज वाटत नाही, असं बरंच. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मी पाच-तीन आहे कारण तू मला पोटभर दिलंस. ते मी कधी नाकारलंय? पण तू सकाळी मामाला जे विचारलंस तेच मी तुला विचारतेय, तर तुला मिरची का लागली?"

मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती, मी परत घासली. आणि घासताना मला आमलेटचा तवा डोळ्यांपुढे दिसला. दोन अंडी फोडायची, मग एक. मी हे मुद्दाम कधी केलं नव्हतं. माझा हात आपोआप तसा चालायचा. तो हात कोणी शिकवला ते मला माहीत होतं, पण शिकवला म्हणून काही तो दुसऱ्याचा होत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी मॅडमना आमच्या घरची तीन भावंडांची गोष्ट सांगितली, त्यांच्या शास्त्राला जोड मिळेल अशा आशेनं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "ताई, एका घरावरून काही सिद्ध होत नाही. तुमच्या भावाला उंच व्हायचंच असेल, दूध नसतं तरी. धाकटीचं वेगळं काही असेल. सरासरीचं हत्यार एकट्या माणसावर चालवता येत नाही."

"म्हणजे मी खोटं बोलले?"

"खोटं नाही. सिद्ध करता येणार नाही, एवढंच."

"मग तुमच्या त्या हजार माणसांतला प्रत्येक जण कोणाच्या तरी घरातलाच होता ना? त्याच्या घरातही एक पेला असेल आणि चार तोंडं. ते तुमच्या सरासरीत कुठे येतं?"

त्या पहिल्यांदा वाकून नाही, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसून बोलल्या. "येत नाही," म्हणाल्या. "देश किती उपाशी होता ते कळतं. घरातलं वाटप कळत नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे आणि माझ्याजवळ त्याला कागद नाही."

यावर भांडण पुढे नेता येईना. मला त्या तरीही आवडल्या नाहीत. पण त्यांच्या कामात मी पुढे एकही आकडा घाईनं टाकला नाही. अडीच म्हणजे अडीचच, तीन नाही.

ते काम संपलं. रजिस्टरं परत गेली आणि त्यांच्या जागी एका सहकारी बँकेचे कंटाळवाणे कागद आले. भाऊ माझ्याशी बोलत नाही, याला आता वर्ष होईल. राखीला मी गेले नाही, त्यानंही बोलावलं नाही. धाकटीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला यात ओढू नकोस ताई, मला त्याच्याकडून पोराच्या नोकरीचं काम करून घ्यायचंय." ती बोरिवलीला असते आणि व्यवहारानं वागते. मला तिचाही राग आला. मग वाटलं, तिचं तरी काय चुकलं, जे तोंडातून काढून घेतलं ते ती अशा वाटेनं वसूल करतेय.

घरी आता सुरमई आणली की तुकड्या मुलगी वाढते. मुलगा दिवाळीत आला तेव्हा तिनं मधली तुकडी माझ्या ताटात घातली. मी ती उचलून त्याच्या ताटात ठेवणारच होते. हात निम्म्यावर गेला होता. मुलगी बघत होती, मुलाला काही कळलंच नव्हतं, तो शेपटीकडचं काटे काढून खात होता, मजेत. मी हात मागे घेतला आणि ती तुकडी खाल्ली. चव लागली नाही. अख्खं जेवण होईपर्यंत मला कोणाचं तरी चोरल्यासारखं वाटत होतं, आणि त्या वाटण्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

मुलुंडला मी दर मंगळवारी जाते, भाऊ ड्यूटीवर असतो तेव्हा. वहिनी दार उघडते, चहा ठेवते आणि हल्ली आमच्याबरोबर बसून घेते. मी आईशी भांडते. आईपण भांडते. ती म्हणते, "लई शाणी झालीस." मी म्हणते, "तू मला एकदा तरी 'चुकलं' म्हण." ती म्हणते, "न्हाई म्हणायची." गेल्या मंगळवारी मी निघताना तिनं वहिनीला हाक मारून सांगितलं, "हिला पेलाभर दूध दे गं. चहानं काय व्हतंय." मी उभ्या उभ्या म्हटलं, "आता हाडं विरघळायच्या वयात दूध देतेस होय?"

"पी न्हाईतर नको पिऊ," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

वहिनीनं दूध आणलं. गरम होतं, वर साय होती. मी ते प्यायले नाही. वहिनीच्या हातात परत दिलं आणि तिला म्हटलं, "तू पी." तिनं एकदा आईच्या पाठीकडे बघितलं, आणि तिथेच उभी राहून सगळं प्यायली.